दोन अक्षरं

ओहायोतल्या एका गावात एक वृद्ध शेतकरी वारला होता. त्याची नातवंडं घरातलं सामान अंगणात मांडून विकत होती. कपबश्या, खुरपी, शिवणयंत्र, आणि त्यांच्या मागे भिंतीला टेकवलेली एक जुनी रायफल. निखिल तिथे थांबला आणि त्याने किंमत विचारली.

"एकशेवीस डॉलर," नातू म्हणाला. "आजोबांनी कुठूनशी आणली होती. आम्हाला त्यातलं काही कळत नाही."

निखिलला थोडं कळत होतं. तो तिकडचा नागरिक होऊन बरीच वर्षं झाली होती आणि सुट्टीच्या दिवशी तो नेमबाजीला जात असे. दस्त्याची ठेवण आणि पुढचं बोथट तोंड पाहताच त्याने ओळखलं, ही ली-एनफील्ड, आपली थ्री-नॉट-थ्री. चांगल्या स्थितीतल्या अशा रायफलीला चारशे डॉलर सहज मिळतील, हेही त्याला माहीत होतं. तो काही बोलला नाही. पैसे मोजले आणि रायफल घरी आणली.

घरी त्याचे बाबा होते. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले. त्यांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, काडतुसं तपासण्यात गेली होती. निखिलने रायफल जेवणाच्या टेबलावर ठेवली, बोल्ट मागे ओढून ती रिकामी असल्याची खात्री केली आणि म्हणाला, "बाबा, बघा काय मिळालंय!"

बाबा उठले, चष्मा लावला, पण हात पाठीमागे बांधूनच उभे राहिले. "मी व्हिजिटर व्हिसावर आलोय. इथल्या कायद्याने मी बंदूक बाळगायची नसते. मी हात लावत नाही. तू फिरव, मी बघतो."

निखिल रायफल फिरवत गेला आणि बाबा वाचत गेले.

दस्ता जिथे मुठीत धरतात, तिथे उजव्या बाजूच्या धातूच्या पट्ट्यावर मुकुट होता. त्याखाली जी. आर. आय. "जॉर्ज, राजा आणि सम्राट," बाबा म्हणाले. "सम्राट म्हणजे हिंदुस्थानचा. ही विलायतेत झालेली नाही." खाली नाव होतं इशापूर, म्हणजे बंगालमधला रायफल कारखाना. साल 1942. मॉडेल नंबर एक, मार्क तीन, आणि पुढे एक तारा. "मूळ मार्क तीन 1907 चं. पहिल्या महायुद्धात लाखोंनी रायफली लागायला लागल्या, तेव्हा लांब पल्ल्याचा जादा नेम आणि मॅगझिन बंद ठेवायची पट्टी काढून टाकली. त्या सोप्या केलेल्या रायफलीची खूण म्हणजे हा तारा."

चापाच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला एक स्क्रू होता. तीही इशापूरचीच ओळख. नळीवर बारीक अक्षरांत आयात करणाऱ्या कंपनीचं नाव होतं, म्हणजे फौजेने मोडीत काढल्यावर ही इथे आली. मग आकडे. मुख्य सांगाड्यावर, बोल्टच्या दांड्यावर आणि नळीच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी टोपीवर, तिन्ही ठिकाणी एकच नंबर निघाला. निखिलचा चेहरा खुलला. नंबर जुळले की मोल वाढतं. लाकूड मूळचं होतं, कुणी कापलेलं किंवा घासलेलं नव्हतं. त्यानेही मोल वाढतं.

"चारशे नाही बाबा, पाचशेही येतील."

बाबा गप्प होते. ते पुन्हा त्या पट्ट्याकडे वाकून बघत होते. मुकुटाच्या बाजूला, मळाखाली झाकलेली दोन मोठी अक्षरं होती. डी. पी.

"नळीच्या बुडाशी बघ."

तिथेही डी. पी.

"ड्रिल पर्पज. कवायतीची रायफल," बाबा म्हणाले. "1963 ते 68 कॉलेजच्या मुलांना एन.सी.सी. सक्तीची होती. मी त्यातलाच. पहाटे मैदानावर हीच चार किलोची रायफल खांद्यावर घेऊन उभे असायचो. हिच्यातून गोळी झाडायची नसते. बहुतेक वेळा हत्यारखान्यातल्या तपासनिसाने नापास केलेली रायफल असते ही."

निखिलने बोल्ट उघडून पाहिला. फायरिंग पिनचं टोक कापलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो रायफल घेऊन गावातल्या गनस्मिथकडे गेला. त्या म्हाताऱ्याने काडतुसाच्या जागेत गेज घालून माप घेतलं. माप बरोबर आलं. निखिलला हायसं वाटलं, पण म्हाताऱ्याने मान हलवली. "गेज मला फक्त मोकळी जागा किती आहे ते सांगतं. पोलादाच्या आत काय झालंय ते सांगत नाही. ज्याने हा छाप मारला, त्याला काहीतरी दिसलं होतं. काय दिसलं, ते तुला किंवा मला आता कळणार नाही. भिंतीवर लाव."

नेमबाजीच्या मैदानावरच्या एका ओळखीच्याने मात्र वेगळा सल्ला दिला. नवी पिन थोडक्या पैशांत मिळते. दोन अक्षरं घासायला दहा मिनिटं लागतात. सीरियल नंबर खरवडणं गुन्हा आहे, त्याला हात लावू नकोस. ही अक्षरं म्हणजे नंबर नव्हे. गिऱ्हाईकही त्याच्याकडे तयार होतं. एका गृहस्थांना आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला नेमबाजी शिकवायला जुनी रायफल हवी होती. साडेचारशे द्यायला ते राजी होते.

त्या संध्याकाळी निखिलने हे बाबांना सांगितलं. बरोबर हेही सांगितलं की माप तर बरोबर आलंय.

बाबांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "मी कारखान्यात नवा होतो, तेव्हा एक जुने मिस्त्री माझ्या शेजारी बसायचे. एकदा मी एका पेटीवर नापासचा शिक्का मारायला कचरत होतो. वरचे साहेब घाईत होते, आणि दोष इतका बारीक होता की कुणाच्या लक्षातही आला नसता. मिस्त्री म्हणाले, 'शिक्का मारताना समोर कोण उभं आहे ते बघू नकोस. जो तो वाचणार आहे, तो कदाचित अजून जन्मलाही नसेल.'"

ते थांबले. टेबलावरच्या रायफलीकडे बोट करून म्हणाले, "हे पण तसंच आहे. कुठल्या तरी हत्यारखान्यात एका माणसाने ही उजेडात धरली, त्याला खोट दिसली, आणि त्याने दोन अक्षरं ठोकली. त्याने तुला पाहिलेलं नव्हतं. तरी त्याचा निरोप इतकी वर्षं, इतके समुद्र ओलांडून तुझ्यापर्यंत आला. आता तो पुढे द्यायचा की मधेच फाडायचा, एवढंच तुझ्या हातात आहे."

"पण मलाही कुणी सांगितलं नव्हतं, बाबा. त्या नातवाने कुठे सांगितलं?"

"त्याला वाचता येत नव्हतं. तुला येतं." मग बाबा हलक्या आवाजात म्हणाले, "घेताना त्याला मोल कळत नव्हतं, तिथे तू गप्प राहिलास. विकताना दुसऱ्याला खोट कळणार नाही, तिथेही गप्प राहणार का? थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस उडतं तेव्हा आत चौरस इंचाला पंचेचाळीस हजार पौंडांच्या आसपास दाब होतो. आणि नेम धरणाऱ्याचा गाल बोल्टपासून वीतभरही लांब नसतो. तो गाल त्या मुलीचा असणार आहे."

निखिल उठून बाहेर गेला. अंगणातून त्याने त्या गृहस्थांना फोन केला आणि सगळं सांगितलं: दोन अक्षरं, कापलेली पिन, गनस्मिथचा सल्ला. त्यांनी आभार मानले आणि सौदा रद्द केला.

पुढच्या रविवारी निखिल त्या शेतकऱ्याच्या घरी गेला. नातवाला त्याने सांगितलं, "परवा मला वाटत होतं की ही चारशेची आहे, आणि मी तुला बोललो नाही. ती तेवढ्याची नाही निघाली. पण निघाली असती तरी मी गप्पच राहिलो असतो. ते चूक होतं." नातवाने त्याला बसवून घेतलं. आजोबा हे सामान कसं जमवायचे, ते तो बराच वेळ सांगत राहिला.

निखिलने रायफल कोरड्या फडक्याने पुसली, तेलाचा हलका हात दिला. त्याहून जास्त काही केलं नाही. एका जाड कागदावर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "इशापूर, 1942. कवायतीची रायफल. हिच्यातून गोळी झाडू नये." तो कागद त्याने चापाच्या कडीला बांधला. काही महिन्यांनी दुसऱ्या राज्यातल्या एका संग्राहकाने परवानाधारक दुकानदारामार्फत ती विकत घेतली. भारतीय फौजेच्या जुन्या वस्तू जमवणाऱ्या त्या माणसाला नेमकी ती दोन अक्षरंच हवी होती. त्याने एकशेचाळीस डॉलर दिले. निखिलला वीस डॉलर सुटले.

जुन्या वस्तूवरची खूण म्हणजे आपल्याआधी तिला पारखून गेलेल्या माणसाचा शब्द असतो. वस्तू स्वस्तात हाती आली की आधी ती खूण शोधा, नीट वाचा. आणि ती वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना, जे आपण वाचलं ते त्यालाही वाचून दाखवा. ज्याला खूण वाचता येते, त्याच्यावर ती पुढे पोचवायची जबाबदारी येते.