पडद्यावरील मैना व आमचें मंदिर

ख्रिस्ती मनुष्यानें चित्रपट पाहावा कीं नाहीं, असें पुष्कळजण विचारितात. परंतु चित्रपट आपणांस काय विचारितो, हें अगोदर पाहावें. प्रभात कंपनीच्या 'माणूस' (१९३९) या बोलपटांत गणपत शिपाई मैना नांवाच्या वेश्येस नव्या जीवनाची वाट दाखवितो. पण त्याच्या आईच्या सोज्ज्वळ घरीं ती स्वतःस अपात्र समजून माघारीं फिरते. येथें चित्र सत्य बोलतें: मनुष्याच्या दयेनें अंतःकरणाची लाज धुतली जात नाहीं. पुढचा मार्ग मात्र शुभवर्तमानांत आहे. व्यभिचारांत धरलेल्या स्त्रीस प्रभूनें दंड केला नाहीं आणि तिचें पापहि झांकलें नाहीं (योहान ८). अशी मैना उद्यां आपल्या मंदिरांत आली, तर जाजमावर सरकून तिला जागा कोण देईल?