जयपुरात घडलेली अयोध्या

जयपूरच्या कारागिरांनी 25 वर्षं खपून एक अख्खी नगरी घडवली. लाकडी प्रासाद, रथ, हत्ती, माणसं आणि सगळ्यावर सोन्याचा वर्ख. 1895 साली ती जयपूरच्याच आल्बर्ट हॉलमध्ये लोकांना दाखवली गेली आणि मग अजमेरच्या ‘सोनीजी की नसियां’ या दिगंबर जैन मंदिरात कायमची मांडली. ही जैनांचे पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांची अयोध्या. काचेआडून पाहताना नजर आधी वरच जाते, कारण छताला मोराच्या नि हंसाच्या आकाराची विमानं टांगली आहेत!

ही नगरी कुठल्या उत्खननात सापडायची नाही. पण जैन पुराणांत तिचा सविस्तर इतिहास आहे, अगदी तिच्या आधीच्या माणसांपासून. ही माणसं जोडीने जन्मत आणि दहा प्रकारच्या कल्पवृक्षांवर जगत. अन्न, वस्त्रं, दागिने, दिवे, सगळं झाडच देई. ना राजा, ना बाजार. पुढे कल्पवृक्ष आटले आणि ऋषभदेवांनी लोकांना असि (शस्त्र), मसि (लेखन), कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प शिकवलं.

गंमत पुढेच आहे. त्या सुखी भोगभूमीत मोक्ष नाही! तो मिळतो कर्मभूमीत, जिथे कष्ट आहेत आणि म्हणून संयमही आहे. स्वर्गातल्या देवांनासुद्धा त्यासाठी माणसाचा जन्म घ्यावा लागतो.

पुराणांना निव्वळ मनोराज्य म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते. मनोराज्य रचणारा सुखावर थांबला असता. या पुराणकारांना ते अपुरं वाटलं.

जयपूरला जाणाऱ्यांनी आल्बर्ट हॉल पाहून परतू नये. अजमेर तिथून जेमतेम 130 किलोमीटर आहे.