आकलचे दगडी वृक्ष आणि हिंसेचा प्रश्न

जैसलमेरपासून सुमारे 17 किलोमीटरवर, बाडमेरच्या वाटेवर, आकल येथील उघड्या माळावर वृक्षांची दगड झालेली खोडे पडलेली आहेत. गाळाखाली दबलेल्या लाकडात सिलिकायुक्त पाणी झिरपत गेले, पेशीमागून पेशीची जागा खनिजाने घेतली आणि द्रव्य बदलूनही आकार टिकला. या क्रियेला अश्मीभवन म्हणतात. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीवर फुलझाडे अवतरण्याच्याही आधी, येथे दमट हवेचे अरण्य होते. पुढे याच प्रदेशावर समुद्र आला, त्याच्या गाळाचा पिवळा चुनखडक झाला, आणि जैसलमेरच्या किल्ल्यातील जैन मंदिरे त्या पिवळ्या दगडातच घडवली गेली.

जैसलमेर आणि बाडमेर या जिल्ह्यांत पसरलेल्या 3,162 चौरस किलोमीटरच्या मरू राष्ट्रीय उद्यानात चिंकारा आणि वाळवंटी कोल्हा यांच्यासह माळढोक हा पक्षी राहतो, ज्याला राजस्थानात गोडावण म्हणतात आणि ज्याची निसर्गात उरलेली संख्या आता सुमारे दीडशेवर आली आहे. आकलची खोडे पाहिल्यावर एक युक्तिवाद सहज सुचतो, तो असा की अरण्ये बुडाली, समुद्र आटले, असंख्य जाती नाहीशा झाल्या, तेव्हा आणखी एका पक्ष्याच्या लोपाचा शोक कशासाठी करावा? ब्रह्मदेवाच्या एका दिवसाला, म्हणजे कल्पाला, 432 कोटी वर्षे मोजणाऱ्या परंपरेत तर हा युक्तिवाद वैराग्याचे रूपही धारण करू शकतो.

तरीही तो टिकत नाही, कारण त्यात लय आणि हिंसा यांची गल्लत होते. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात केवळ प्राण जाण्याला हिंसा म्हटलेले नाही. प्रमादामुळे, म्हणजे कषायग्रस्त (क्रोध-लोभादी विकारांनी ग्रासलेल्या) वा असावध वृत्तीमुळे, झालेला प्राणघात ही हिंसा होय. आकलच्या अरण्याला कोणी मारले नाही. माळढोकाचे डोळे मात्र डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला समोरच्या विजेच्या तारा वेळेवर दिसत नाहीत आणि जड देहामुळे ऐनवेळी वळताही येत नाही, हे ठाऊक असूनही त्याच्या वाटेत सौरऊर्जा प्रकल्पांच्या तारा ओढल्या जातात, तेव्हा तेथे कर्ता असतो, ज्ञान असते आणि म्हणून दोषही असतो. सौरऊर्जेचे प्रयोजन चांगले आहे, पण त्याने हा दोष पुसला जात नाही.

या मरुभूमीतील गावांनी हा विवेक ग्रंथांवाचूनही जपला आहे. देवाच्या नावाने राखलेल्या रानाला तेथे ओरण म्हणतात, आणि त्यातील झाडावर कुऱ्हाड चालवणे पाप मानले जाते. कल्पाचा हिशेब ठाऊक असणाऱ्या समाजानेच खेजडीचे एक झाड राखण्यासाठी हा नियम केला, ही गोष्ट वरच्या युक्तिवादाला पुरेसे उत्तर आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न दूरचा नाही. सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झाले. आज तेथे हा पक्षी क्वचितच दिसतो.