हक्क कोणाचा, हात कोणाचा?

संसार मोडणे आणि संसाराची नोंद मोडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे दिल्लीत निवृत्तिवेतनाच्या फाइली चाळणाऱ्या आम्हां कारकुनांस रोज नव्याने कळते. पतिपत्नींनी वर्षानुवर्षे एकमेकांचे तोंड पाहिलेले नसते. पण न्यायालयाचा हुकूम झालेला नसेल, तर सरकारदरबारी ती पतिपत्नीच. एकाच्या मृत्यूनंतर कुटुंब-निवृत्तिवेतनाचा पहिला हक्क दुसऱ्याचा.

आमच्या परिचयाच्या एक बाई केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्या. मुलगी तिशीतली, जन्मतः मतिमंद. पती वीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेले. कमावू न शकणाऱ्या विकलांग अपत्यास हे वेतन आजन्म मिळते, हे बाईंना ठाऊक होते. मात्र पिता हयात असून पुनर्विवाह न करील, तोवर मुलीची पाळी येत नाही, हे त्यांस ठाऊक नव्हते.

१ जानेवारी २०२४ रोजी सरकारने या बाबतीत एक वाट मोकळी केली. घटस्फोटाचा दावा चालू असेल, अथवा पत्नीने कौटुंबिक हिंसाचाराच्या किंवा हुंडाबंदीच्या कायद्याखाली पतीविरुद्ध दाद मागितली असेल, तर आपल्यामागे पतीच्या आधी अपत्यास वेतन द्यावे, असे ती लेखी कळवू शकते. तथापि अपत्य अज्ञान किंवा मनाने विकलांग असून पिताच त्याचा पालक असेल, तर रक्कम त्याच्याच हाती जाते. तो पालक न उरल्यास खऱ्या पालकाच्या हाती.

नियमाने लोकांच्या घरात डोकावू नये, कागद पाहावा, असे आमचे काही सहकारी म्हणतात. त्यात तथ्य आहे. कारकुनाने शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारून कोणाचा संसार मोडला हे ठरवू लागावे, याहून मोठी आपत्ती नाही. परंतु कागदच पाहावयाचा, तर जिने घरची गोष्ट चव्हाट्यावर आणली नाही, तिच्या मुलीची पाळी मागे राहते. सोशिकपणाला समाज सद्गुण म्हणतो. नियमाच्या लेखी तो केवळ पुराव्याचा अभाव ठरतो.

आमच्या मते विवाह टिकला की मोडला, हा येथे मूळ प्रश्नच नव्हे. विकलांगता मुलीची, म्हणून हक्कही मुलीचा. पालक हा केवळ तिचा हात. नियमाने पालकाची अट घालून हे अर्धे मान्य केलेच आहे. मुलीला रोज न्हाऊमाखू कोण घालते, हा प्रश्न दाव्याच्या क्रमांकाआधी विचारला जावा, एवढेच आमचे मागणे.

आम्ही बाईंना नियम वाचून दाखविला. त्या म्हणाल्या, "वीस वर्षे झाकून ठेवले, ते आता कोर्टात उघडे करू?" क्षणभराने त्यांनीच विचारले, "अर्ज कोठे करावयाचा?"