धूर कोणाचा, भोग कोणाचा



करील तो भोगील, हा नेम आपण लहानपणापासून ऐकत आलो. मीही चाळीस वर्षे कीर्तनात तोच सांगितला. पण या नेमातली अडचण मला पोथीत सापडली नाही, स्वतःच्या बोटांत सापडली. बिडी मी ओढत होतो आणि धूर दुसऱ्याच्या छातीत जात होता.

माळ घातली तेव्हा मद्यमांस सुटले, बिडी राहिली. माझ्याबरोबर टाळ धरायला आणि पाठांतर शिकायला चौदा वर्षांचा एक मुलगा असे. कार्तिकातल्या थंडीत जीपच्या काचा लावून आम्ही रात्रीच पुढच्या गावाला निघायचो. मी पुढे बसून ओढायचो, तो मागे घोंगडी पांघरून बसायचा. सकाळी पाठ म्हणताना अडखळला की मी डाफरायचो, "लक्ष कुठे आहे रे तुझे?"

बिडी सुटून आता बरीच वर्षे झाली. माझी नात वैद्यकी शिकते. तिने मला जे समजावले, ते तुम्हांला सांगतो. माणसाचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी पक्व होतो, आणि मन आवरणे, लक्ष टिकवणे, पुढचा विचार करणे ही त्याचीच कामे. मेंदूच्या पेशींना जणू दारे असतात. शरीर स्वतः तयार करते त्या एका द्रव्याने ती उघडतात, पण तंबाखूतल्या निकोटीनची किल्लीही त्याच कुलपांना लागते. 2011 साली अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी मोठ्या माणसांना तासभर मोटारीत सिगारेट ओढणाऱ्याशेजारी बसवले आणि मग त्यांच्या मेंदूचे चित्र घेतले. स्वतः न ओढताही त्यांची त्या प्रकारची सुमारे शेकडा 19 दारे निकोटीनने अडवलेली दिसली.

चौदा वर्षांच्या मुलावर असा प्रयोग कोणी करणार नाही, करूही नये. मी मात्र तो हंगामामागून हंगाम केला.

त्याचे पाठांतर माझ्या धुरानेच ढळले, असे मी म्हणत नाही. जाणकारही जपूनच बोलतात. धुराच्या घरात वाढणाऱ्या मुलांत चंचलपणा अधिक आढळतो खरा, पण अशा घरांत पुष्कळदा ओढग्रस्तही असते, आणि कशाचा वाटा किती हे वेगळे काढणे कठीण. त्या मुलाला तर जागरणही होते. पण ज्या लक्षावरून मी त्याला रागे भरत होतो, त्या लक्षाच्या वाटेत रात्रभर मीच धूर सोडत होतो, एवढे तरी खरे ना?

इथे शंका येते, की बुवा, तुमचा हेतू तर वाईट नव्हता. नव्हता. हेतू नसला की कर्माचा डंख बोथट होतो, असे मीही पुष्कळदा सांगितले आहे. पण हेतूचा हिशेब करणाऱ्याच्या बाजूचा झाला. भोगणाऱ्याच्या बाजूने पाहा. त्याला "नको" म्हणायची सोय होती का? एखादा मोठा माणूस शेजारी असता तर काच खाली करा म्हणाला असता, निदान खोकून दाखवले असते. हा शिष्य. गुरूपुढे तोंड उघडू नये, हे मीच त्याला शिकवलेले. त्याच्या मर्यादेचा मी आडोसा केला. हे मला बिडीपेक्षाही जड वाटते.

2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला देशभर बंदी झाली. पण घराचा उंबरा आणि स्वतःची गाडी त्या नियमाबाहेर राहिली, आणि पोरे तर तिथेच असतात. बाप ओसरीवर बसून ओढतो, आजोबा खाटेवर बसून ओढतात, आणि पोरगे शेजारी पुस्तक उघडून बसलेले असते.

गेल्या कार्तिकीला तो मुलगा पंढरपुरात भेटला. मुलगा कसला, आता त्याचाच मुलगा टाळ धरतो. पाया पडला. मी हे सगळे त्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग हसून म्हणाला, "बुवा, तुमच्या उपरण्याचा वास मला अजून आठवतो."

"कसला? बुक्क्याचा?" मी विचारले.

त्याने मान हलवली.