भोरडीचं खातं

नोव्हेंबर लागला, की आमच्या नांदेडच्या शाखेत पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. मफलर, कानटोपी, थरथरती सही. त्याच सुमारास गोदावरीच्या पाण्यावर, विष्णुपुरीच्या बाजूला, उत्तरेकडचे पक्षी उतरू लागतात. तेही तसं पाहिलं तर हयातीचा दाखला द्यायलाच. चक्रवाक आला, थापट्या आला, की मी मनातल्या मनात शिक्का मारतो. रविवारी दुर्बीण गळ्यात अडकवून निघालो, की बायको म्हणते, ‘घरातला नळ गळतोय, तो दुर्बिणीशिवायही दिसतो.’

पण भोरडीची गोष्ट निराळी. ती पाण्यावर नाही, रानात उतरते. आणि तिच्यामुळं माझ्या पक्षीप्रेमाचं एकदा ऑडिट झालं.

अंगानं गुलाबी, डोकं-पंख काळे, डोक्यावर तुरा. पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंत कुठंतरी तिचं माहेर. संध्याकाळी हजारोंनी थवा वळायला लागला, म्हणजे कुणीतरी आभाळात गोधडी झटकतंय असं वाटतं.

आमचे काका लातूर जिल्ह्यात, चाकूरकडं. आता त्यांच्या रानात सोयाबीन आणि मागून हरभरा असतो. पण मी सांगतोय तेव्हा रब्बीची ज्वारी होती. लोहा, अहमदपूर करत एसटीनं हुरड्याला गेलो. कणसं दुधात आलेली. इतक्यात थवा उतरला. मी दुर्बीण लावून ‘वा! वा!’ केलं आणि मचाणावरनं काकांची गोफण सणाणली.

‘काका, मारू नका हो. किती लांबून आलीत बिचारी!’

‘लांबून येऊन माझ्याच शेतात जेवायलीत की रं! तुझ्या बँकेत का उतरत न्हाईत?’

मग मी माहिती काढली. चीनच्या शिनजियांगमध्ये लोक भोरडीसाठी दगड-विटा रचून घरटी करून देतात, कारण ती पिकावरचे टोळ फस्त करते. काका म्हणाले, ‘मग तिकडं तिचं कौतुक व्हऊ दे की. हितं टोळ कुठंय? हितं कणीस हाय.’

तिकडं दगड घरट्याला, इकडं दगड गोफणीला. खातं एकच, शिनजियांग शाखेत जमा आणि चाकूर शाखेत नावे. दोन शाखांचं रिकन्सिलिएशन आजवर झालेलं नाही. भोरडी इथंही किडे टिपते, पळस-पांगाऱ्याच्या फुलांत चोच घालून परागकण इकडचे तिकडे करते. पण त्याची पावती काकांच्या हातात कोण देणार?

शेवटी मी हुकमाचं पान टाकलं. तुकोबांना राखणीला बसवलं, तर त्यांनी पाखरांना हाकललं नाही, पोटभर खाऊ दिलं!

काकांनी गोफणीत दगड ठेवता ठेवता विचारलं, ‘शेत कुणाचं होतं?’

मी गप्प. कथेतलं शेत दुसऱ्याचं होतं. पुढं देवानं धान्य वाढवून भरपाई केली असं सांगतात. काकांच्या पासबुकात मात्र अशी एंट्री मी कधी पाहिलेली नाही. तुकोबांची गोष्ट सोडा, त्यांचा जामीनदार मोठा. माझं काय? पाखरं जेवणार काकांचं, गहिवर येणार मला, आणि पुण्य जमा माझ्या खात्यात! कॉमर्सच्या कुठल्याही पुस्तकात याला प्रेम म्हणत नाहीत. ओशाळून मी पाचशेची नोट काढली. काका हसले. ‘ठिव खिशात. एवढ्यात त्यांचा नाश्ताबी व्हायचा न्हाई.’

दुपारभर मग मी दुर्बीण पाखरांवर कमी आणि काकांवरच जास्त रोखली. बांधाकडच्या दोन ओळींवर भोरड्यांची पंगत निवांत चालली होती. तिकडं एकही दगड गेला नाही. मी विचारलं.

‘तिथवर गोफण पोचत न्हाई,’ काका म्हणाले.

त्याच्या पलीकडच्या बाभळीवर दगड आदळून साली उडालेल्या मी दुर्बिणीतून पाहिल्या होत्या. पण काही बोललो नाही. हुरडा भाजून झाला होता.