कावळा बसायला

“दादा, तीन वेळा करून बघितलं. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडकतंय.”

फोनवर हे सांगणारा मुलगा एकोणीस वर्षांचा. तालुक्याच्या गावी माझ्या काकांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, तिथे तो कामाला असतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. दुकानातला जुना कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. नवीन घ्यायला काका तयार नव्हते. म्हणून या मुलाने काकांना विचारून लिनक्स मिंट टाकायचं ठरवलं. पेन ड्राइव्ह तयार केला, जुनं पुसलं, आणि नवीन अर्ध्यात लटकलं. माउस हलेना, कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागेना.

पुण्यात बसून मी काय म्हणालो? “येत नाही तर हात कशाला लावलास? चालू मशीन बंद पाडलंस.” फोन स्पीकरवर होता. दुकानात गिऱ्हाईक होतं. दुसऱ्या दिवसापासून तो कामाला आला नाही.

दिवाळीत गावी गेलो आणि मशीन उघडून बसलो. मीही एकदा इन्स्टॉल करून पाहिलं, तेही अडकलं, आणि पुन्हा नव्याच ठिकाणी. तेव्हा कुठे त्या मुलाचं वाक्य मला नीट ऐकू आलं. पेन ड्राइव्हवरची फाइल खराब असेल तर इन्स्टॉलेशन बहुधा ठरावीक जागी अडतं. जागा बदलत असेल तर आधी रॅमवर संशय घ्यावा. त्याने मला सगळ्यात उपयोगी धागा पहिल्याच वाक्यात दिला होता.

रात्री मेमटेस्ट लावून झोपलो. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी होत्या. चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढून टेस्ट, मग दुसरी काढून टेस्ट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. एक पट्टी खराब निघाली. ती बाजूला ठेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत मिंट चढलं.

मग इतकी वर्षं मशीन चाललं कसं? रोजच्या हलक्या कामात मेमरीचा तो खराब तुकडा फारसा वापरात येत नसावा. मधूनच निळा स्क्रीन यायचा, तेव्हा काका लाइटला शिव्या द्यायचे. इन्स्टॉल करताना मात्र दाबून भरलेल्या हजारो फाइल मेमरीत उलगडून डिस्कवर लिहायच्या असतात. तिथे एक बिट चुकला तरी सगळं कोलमडू शकतं.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतो. म्हणजे निव्वळ योगायोग. पण इथे तेवढंच नव्हतं. फांदी आधीच किडलेली होती आणि कावळ्याच्या वजनाने ते उघड झालं. दोष असणं वेगळं आणि दोष उघडा पडणं वेगळं. जो काम करतो त्याच्याच हातात असताना तो उघडा पडतो. जो हातच लावत नाही, तो कायम निर्दोष.

हे मला माहीत नव्हतं असंही नाही. आमच्या ऑफिसात सर्व्हर पडला की नंतर एक रिपोर्ट लिहितात, त्याला ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम म्हणतात. कोणी केलं हे विचारायचं नाही, काय घडलं ते विचारायचं. असे रिपोर्ट मी स्वतः लिहिलेत, शब्द तोलून मापून. पण ही सभ्यता मी आयडी कार्डासोबत ऑफिसातच ठेवून येतो, हे मला त्या दिवशी कळलं. तेच वाक्य एखाद्या सीनियर सहकाऱ्याने सांगितलं असतं तर मी लगेच विचारलं असतं, “वेगळ्या म्हणजे कुठे कुठे?”

मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंचं २००७ मधलं ‘एपिस्टेमिक इनजस्टिस’ नावाचं पुस्तक आहे. बोलणारा कोण आहे याबद्दलच्या पूर्वग्रहामुळे त्याच्या शब्दाला कमी वजन देणं हा अन्याय आहे, असं त्या मांडतात. माणसाला जाणता म्हणून मोजायचंच नाकारलं जातं. मी नेमकं तेच केलं होतं.

त्याच्या घरी जाऊन म्हणालो, “रॅम खराब होती. तुझी चूक नव्हती. सॉरी.” परत येताना वाटेत मलाच ते खटकलं. समजा रॅम ठणठणीत निघाली असती आणि चूक खरंच त्याची असती, तर? मग चार लोकांसमोर बोललेलं बरोबर ठरलं असतं का? माझी माफी मेमटेस्टच्या निकालावर उभी होती. त्याला निर्दोष ठरवलं मशीनने, मी नाही. मी ज्याची माफी मागायला हवी होती ती गोष्ट निकालाच्या आधीच घडून गेली होती. त्याने पाहिलेलं सांगितलं आणि मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला तेव्हा गिऱ्हाइकांसमोरच त्याला म्हणालो, “तू फोनवर पहिल्यांदा सांगितलंस तेच बरोबर होतं. मी ऐकायला हवं होतं.” तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने विचारलं, “दादा, आता दुसरी पट्टी घ्यायची की चारवरच चालवायचं?” आणि खिशातून एक पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. जुनं पुसण्याआधी त्याने दुकानातल्या सगळ्या फाइलींची कॉपी करून ठेवली होती. इतक्या दिवसांत हेही त्याला कोणी विचारलं नव्हतं.

काका अजून लोकांना सांगतात, “याने बिघडवला, पुतण्याने दुरुस्त केला.” माझ्या कानावर आलं की मी दुरुस्त करतो. कॉम्प्युटरपेक्षा याला जास्त वेळ लागतोय.